पाटावरचा पाय

गिटार पिशवीतून बाहेर काढली की गुरुजी आधी तिच्या लाकडाला बोटं लावायचे आणि ती बोटं डोळ्यांना लावायचे. मग झोळीतून एक छोटा सागवानी पाट काढायचे, खुर्चीपुढं ठेवायचे, त्यावर डावा पाय टेकवायचे आणि म्हणायचे, "हं. पहिल्यापासून."

वर्ग तर अजून सुरूही झालेला नसायचा. मॅडम कूलरमध्ये पाणी आहे का ते बघत असायच्या, आम्ही बाकीचे तारा जुळवत असायचो. पण गुरुजींचं सगळंच पहिल्यापासून असायचं.

आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो, म्हणून गैरसमज नको. ते शिकवायला येत नसत, शिकायला येत. साठी ओलांडलेली होती. अमरावतीत चाळीस वर्षं ते लग्नं, मुंजी, सत्यनारायण आणि वास्तुशांती करत आले होते. कपाळावर गंध, डोक्याला शेंडी, नेसायला धोतर आणि स्कूटरवर पाठीला अडकवलेली गिटार. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम सव्वीस वर्षांच्या होत्या. त्या यांना गुरुजी म्हणायच्या, हे त्यांना मॅडम म्हणायचे, आणि दोघंही एकमेकांपुढं इतके वाकायचे की पहिला महिनाभर कोण कुणाचं शिष्य आहे ते मला नीट कळलंच नाही.

राजापेठेत सिग्नलला कुणी ओळखीचं भेटलं की हमखास विचारायचं, "गुरुजी, वीणा होय का हे?"

"वीणाच आहे," ते म्हणायचे. "माहेर जरा लांबचं आहे तिचं."

असा माणूस तुम्हीही कधी पाहिला असेल. आपल्या जागी अगदी घट्ट बसलेला, आणि एका दुपारी अचानक भलत्याच जागी दिसलेला. आपण थांबून बघतो, हसतो आणि पुढं जातो. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, त्यामुळं मला पुढं जाता आलं नाही, इतकंच.

आमचा वर्ग एका झेरॉक्सच्या दुकानावर होता. शनिवार-रविवार, दुपारी चार वाजता. खिडकीला लागून कडुलिंब होता आणि उन्हाळ्यात त्याची सावली आमच्या गुडघ्यांवरून हळूहळू सरकत भिंतीवर जायची. कूलरमधून वाळ्याचा वास यायचा. खालून झेरॉक्सच्या यंत्राचा एकसारखा घुर्रर आवाज वर यायचा आणि मॅडम म्हणायच्या, तोच आपला मेट्रोनोम, ठोके धरणारं यंत्र, समजा. सहा जण सहा गिटारींवर एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले तीन-चार सूर, वाजवायला लागले की त्या खोलीला थोडी गुंगी यायची. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असायचं, आणि आत असं वाटायचं की आपण विहिरीच्या तळाशी बसून वरचं आभाळ बघतोय.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाव दर्यापूरच्या पुढं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गिटार माझी नव्हतीच. माझ्या खोलीत आधी राहणारा एक मुलगा पुण्याला जाताना ती कपाटावर ठेवून गेला होता. मोबाइलवर बघून बघून मी साधे कॉर्ड शिकलो, मग धीर करून पहिल्या वर्गात नाव घातलं आणि तिथून या मधल्या वर्गात आलो. घरी सांगितलं नव्हतं. बाबा फोनवर विचारायचे, "अभ्यास चालू हाये न?" मी म्हणायचो, "हाव." ते खोटं नव्हतं.

माझी अडचण वेगळी होती. चार माणसांपुढं एकट्यानं काही करायचं म्हटलं की मी आतून बंद व्हायचो. सेमिनारच्या दिवशी माझं पोट दुखायचं, आणि ते खरोखर दुखायचं. वर्गात सगळ्यांबरोबर वाजवताना मात्र मला छान वाटायचं, कारण माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू जायचा नाही.

पण प्रत्येक वर्गाच्या शेवटी मॅडम एक फेरी घ्यायच्या. सगळ्यांनी मिळून कॉर्डची एकच माळ फिरवत राहायची आणि एकेकानं पाळीपाळीनं त्यावर आपल्या मनानं काहीतरी वाजवायचं. प्रत्येकाला आठ बार. एका बारात चार ठोके, म्हणजे सगळे मिळून बत्तीस ठोके. लिहिलेलं काही नाही, पाठ केलेलं काही नाही. मॅडमच्या मते जॅझ म्हणजे हेच. ज्याला नसेल वाजवायचं, त्यानं 'पास' म्हणायचं.

गुरुजींच्या नंतर माझी पाळी यायची. मी म्हणायचो, "पास."

आठ महिने मी दर शनिवारी आणि दर रविवारी हेच म्हटलं.

गुरुजी कधी पास म्हणत नसत. त्यांचे आठ बार सुंदर असायचे. पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ते दर वेळी तेच आठ बार आहेत. एकही सूर इकडचा तिकडं नाही. त्यांनी घरी बसून ते रचले होते आणि पाठ केले होते. मॅडमच्याही लक्षात आलं होतं.

"गुरुजी, आज काहीतरी वेगळं?" त्या एकदा हळूच म्हणाल्या.

"मॅडम, चुकलो तर?"

"इथं चूक असं काही नसतंच, गुरुजी."

गुरुजींनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. त्यांना हे खरंच पटलं नव्हतं. "असं कसं म्हणता? चूकच नसली तर बरोबर तरी काय राहिलं?"

मॅडम हसल्या. आम्हीही हसलो. ते हसले नाहीत.

कॉर्ड लक्षात ठेवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. या मधल्या वर्गात कॉर्ड एकाएकी लांबलचक नावांचे होतात. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. बोटं एकावर पोचेपर्यंत गाणं दुसऱ्यावर गेलेलं असतं. मी रडकुंडीला आलो होतो. एका रविवारी गुरुजींनी झोळीतून जुन्या पंचांगाचं पान काढलं. त्याच्या कोऱ्या बाजूला त्यांनी सुरेख देवनागरीत कॉर्ड लिहिले होते आणि ते त्यांनी मला म्हणून दाखवले, अगदी मंत्रासारखे:

"डी मायनर–जी, जी–डी मायनर, डी मायनर–जी–सी, सी–जी–डी मायनर, डी मायनर–जी–सी."

"हे काय होय, गुरुजी?"

"आमचे वडील वेदाचे मंत्र असेच पाठ करून घेत. सुटा शब्द येऊन भागत नाही बाबू. एकातून दुसऱ्यात जाणं आलं पाहिजे. जाताना अन् येतानाही. उलट्या पायानं घरी येता आलं, म्हणजे रस्ता पाठ झाला."

मी ते पान खोलीच्या भिंतीवर चिकटवलं. पंधरा दिवसांत माझी बोटं आपोआप फिरायला लागली. अजूनही फिरतात. मॅडमनी तर ती युक्ती नव्या वर्गालाही शिकवली, फक्त ती कुठून आली हे सांगितल्यावर ती मुलं विश्वास ठेवत नाहीत.

एकदा त्यांनी मला सकाळी घरी बोलावलं. मी गेलो आणि दारातच उभा राहिलो. मी शेतकऱ्याच्या घरचा, आणि आत एका बाजूला देवघर, दोरीवर वाळत घातलेलं सोवळं, ओल्या फरशीवर चंदनाचा वास. कुठं पाय टाकायचा हे मला कळेना.

"काहून रे, उंबरठा मोजून राहिला का?" गुरुजी आतून ओरडले. "ये आत."

काकूंनी पोहे दिले आणि माझ्या ताटलीत लिंबू पिळता पिळता गुरुजींची तक्रारही केली. "तूच सांग यायले काही. जेवायचा पाट होता तो माझा. नेला उचलून. पाय ठेवते त्याच्यावर! पाटावर कोणी पाय ठेवते का?"

"मॅडमनं सांगतलं, डावा पाय उंच पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"मॅडमनं पाट नेऊ नका असंही सांगतलं असतं, विचारलं असतं तर."

"अगं, त्या पाटावर मी बसतोच न? पाय काही दुसऱ्याचा आहे?"

काकूंनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मी पोह्यांत तोंड घातलं.

त्या दिवशी त्यांनी मला गिटारीचं मूळ सांगितलं. लग्न लावायला जायचे तेव्हा मुहूर्ताला वेळ असला की ते मांडवात एका बाजूला बसून राहायचे. समोर ऑर्केस्ट्रा वाजत असायचा. परतवाड्याच्या एका लग्नात गिटार वाजवणारा एक म्हातारा सगळ्यांच्या मागं बसला होता. गाणाऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष, त्याच्याकडं कुणाचंच नाही. पण गाण्याच्या शेवटी तो असा एक सूर सोडायचा की गाणं संपल्यासारखं वाटायचंच नाही.

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

गुरुजींनी आधी साधा सी वाजवला. "हा घरी पोचला. पाय धुतले, बसला." मग तर्जनी उचलली, सी मेजर सेव्हन वाजवला आणि तारा तशाच गुंजू दिल्या. "अन् हा फाटकात उभा आहे. घर दिसून राहिलं त्याले. दिवा लागलेला आहे आत. पण तो अजून आत गेला नाही."

तो सूर हळूहळू विरत गेला. काकू स्वयंपाकघरात थांबल्या असाव्यात, कारण भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"त्या म्हाताऱ्याले विचारलं मी, हे काय आहे? तो म्हणे, सातवा सूर मिळवला की असं होते. मी मनात म्हटलं, आपण आयुष्यभर लोकायले घरात पोचवून राहिलो. गृहप्रवेश, वास्तुशांत. असं फाटकात उभं राहाणं आपल्याले कोणी शिकवलंच नाही. पण मुहूर्त झाला अन् मले बोलावलं. उठावं लागलं."

त्यानंतर गिटार हातात यायला त्यांना तीस वर्षं लागली.

"मग फेरीत मनानं काहून नाही वाजवत तुमी?" मी विचारलं. स्वतः पास म्हणणाऱ्यानं हे विचारू नये, पण विचारलं.

त्यांनी उजवा हात पुढं केला. "वडिलांजवळ चिंचेची फोक होती. म्हणताना एक स्वर खाली-वर झाला की ती बोटावर पडायची आणि ते म्हणायचे, पहिल्यापासून. मधून उचलायचं नाही. सातव्या वर्षापासून ते अंगात आहे. चुकलं की हात थांबतेच रे. मी नाही थांबवत."

अकोल्यात मॅडमच्या सरांचा वर्ग आहे. वर्षातून एका दुपारी दोन्हीकडचे विद्यार्थी तिथल्या एका लहान सभागृहात वाजवतात. मॅडमनी तारीख सांगितली आणि गमतीनं विचारलं, "गुरुजी, दिवस बरा आहे ना?"

"मॅडम, पंचांगात जॅझसाठी वेगळा रकाना नाही," गुरुजी म्हणाले.

आम्ही एक गाडी करून गेलो. गुरुजी त्या दिवशी पहिल्यांदाच धोतर सोडून कुडता-पायजमा घालून आले होते आणि त्यात ते एकदम लहान दिसत होते. बडनेरा मागं पडेपर्यंत ते ओठांतल्या ओठांत कॉर्ड म्हणत होते. मी खिडकीतून कपाशी बघत होतो आणि मनात ठरवत होतो की आज पास म्हणायचं नाही. माइक असला तरी म्हणायचं नाही. मी चार सूर योजूनही ठेवले होते.

फेरी आली. माळ सुरू झाली आणि गुरुजींची पाळी झाली. पहिला बार नेहमीसारखा. दुसऱ्या बारात घामानं बोट घसरलं आणि एक चुकीचा सूर लागला. अगदी लहान चूक होती. कुणाला कळलीही नसती. पण गुरुजींचा हात थांबला, आणि समोरच्या माइकमधून सगळ्या सभागृहाला स्पष्ट ऐकू आलं:

"पहिल्यापासून."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. माळ तर फिरतच होती, ती कुणासाठी थांबत नाही. ती तिसऱ्या बारावर, चौथ्या बारावर गेली आणि गुरुजींनी डोळे मिटून आपले आठ बार पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. खालचे कॉर्ड एकीकडं, वरचे सूर दुसरीकडं. ते पुरे होईतो माझ्या पाळीतले तीन-चार बार सरून गेले होते. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, 'आता तू' अशी मान हलवली. मी योजलेले चार सूर मला दिसले आणि लगेच दिसेनासे झाले.

"पास," मी म्हटलं. तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

परत येताना मूर्तिजापूरला गाडी चहाला थांबली. दिवस मावळत होता. आम्ही दोघं बाकीच्यांपासून थोडं दूर, एका दगडावर बसलो. गुरुजींनी चहा बशीत ओतला आणि प्यायलेच नाहीत.

"तुझे आठ बार मी खाल्ले रे."

"मी तसाही वाजवणार नव्हतो, गुरुजी." हे खोटं होतं.

"ते तुले मालूम. मले नाही." त्यांनी बशी दगडावर ठेवली. मग म्हणाले, "आपण एक ठरवू. एक दिवस मी चुकीन, अन् मागं जाणार नाही. तसाच वाजवत जाईन, जे येईल ते. त्या दिवसापासून तुझं पास बंद. कबूल?"

"अन् तुमी चुकलेच नाही तं?"

"लेका," गुरुजी म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले, "त्याची काळजी तू नको करू."

मी कबूल म्हटलं.

पुढचे दोन-अडीच महिने त्यांनी काय केलं ते मी जवळून पाहिलं. पाठ केलेले आठ बार त्यांनी सोडून दिले. फेरीत ते आता काहीही न ठरवता सुरू करायचे. दोन बार जायचे, कधी तीन. मग कुठंतरी बोट अडखळायचं. ते दात-ओठ आवळायचे, तोंडातून 'पहि...' एवढंच बाहेर पडायचं आणि ते गिळायचे. पण हात तोवर थांबलेला असायचा. उरलेले बार ते मान खाली घालून बसायचे. साठीतला, अर्धं गाव ज्याच्या पाया पडतं असा माणूस शेंडीपासून घामेजून जायचा. मॅडमना ते बघवायचं नाही. "गुरुजी, तुमचे जुने आठ वाजवा ना, किती गोड होते ते," त्या म्हणायच्या.

"नाही मॅडम. याले शब्द दिला आहे," ते माझ्याकडं बोट दाखवायचे.

आणि मी? मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्यांची पाळी सुरू झाली की मी मनात म्हणायचो, थांबू दे. आजच्या दिवस थांबू दे त्यांचा हात. कारण तो थांबला नाही तर पुढं मला वाजवावं लागणार होतं. ते थांबायचे, मी सुटायचो. ते हरत होते आणि मी सुटकेचा श्वास टाकत होतो. आमच्या मधे एका हाताचंही अंतर नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी वर्ग संपल्यावर ते उठले नाहीत. त्यांनी सांगितलं, कौंडण्यपूरला नदीकाठी एका लहान देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडं होती. ती करणाऱ्या चुलतभावाला अर्धांगवायू झाला होता. दुसरं कुणी नव्हतं.

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"आता तिकडंच, मॅडम. रोजची पूजा आहे, खंड पडू देता येत नाही. शनिवार-रविवार तर जास्तच गर्दी."

खालचं झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. गुरुजींनी गिटार पिशवीत घातली. पाट उचलला, उपरण्यानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला.

"हा तुझ्याजवळ राहू दे. तिथं सगळे पाट देवाचे आहेत. त्यायच्यावर पाय ठेवला तर तुझ्या काकू मले नदीत सोडतील."

मी म्हटलं, "हाव, गुरुजी."

जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. मग स्कूटर सुरू झाली, आणि बराच वेळ ऐकू येत राहिली.

पाट मी वर्गातच माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवला. त्याच्या मधोमध लाकूड थोडं घासलं गेलं होतं, टाचेच्या आकाराचं. त्यावर पाय ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या शनिवारी फेरीत त्यांची पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता मॅडम मला खूण करतील. त्यांनी केली नाही. "गुरुजींचे आठ," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही सगळे कॉर्डची माळ फिरवत राहिलो आणि वर कुणीच काही वाजवलं नाही. डी मायनर, जी, सी. बत्तीस ठोके. रिकाम्या झोपाळ्याला वाऱ्यानं झोका मिळावा तसं काहीतरी त्या खोलीत हलत होतं. कडुलिंबाची सावली त्यांच्या खुर्चीवरून सरकत होती. शेवटच्या सी मेजर सेव्हनला मला फाटकात उभं असलेलं कुणी दिसल्यासारखं झालं.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "पास."

आता समोर कुणी हरणारंही नव्हतं, तरी मी सुटलो होतो. तो शनिवार मला अजून बोचतो.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. वरूडची संत्री बाजारात आली होती, थंडी पडली होती. एका दुपारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो होतो आणि मोबाइल थरथरला. गुरुजींचं नाव. त्यांनी याआधी मला कधी काही पाठवलं नव्हतं. आवाजाचा निरोप होता. मी बाहेर पायऱ्यांवर आलो, उन्हात बसलो आणि फोन कानाला लावला.

आधी नुसतं देवळाचं अंगण ऐकू आलं. पारवे घुमत होते. लांब कुठंतरी मोटारपंप चालू होता. एका पायाचा फरशीवर मंद ठोका. मग गिटार. त्यांचे जुने आठ बार नव्हते ते. एक बार, दोन बार, काहीतरी शोधत जाणारं. तिसऱ्या बारात ते चुकले. ठळक चुकले, कुणालाही कळावं असं. सूर थांबले. पायाचा ठोका मात्र थांबला नाही. एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी तोच चुकीचा सूर पुन्हा वाजवला, या वेळी मुद्दाम, आणि त्याच्या शेजारचा, आणि त्याच्या पुढचा, आणि तिथून ते चालायला लागले. कुठं चालले होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे ऐकू येत होतं. आठवा बार कुठं संपला ते मला कळलं नाही. शेवटचा सूर पारव्यांत मिसळून गेला.

मग त्यांचा आवाज, थोडा दमलेला.

"चुकलो रे. पाह्यलं न? मागं नाही गेलो." थोडा वेळ नुसता पंपाचा आवाज. "आता तुझं."

मी तो निरोप किती वेळा ऐकला ते सांगत नाही. उत्तर मी पाठवलं नाही.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी वर्गात गेलो. खिडकी उघडली. त्यांची खुर्ची होती तिथंच होती. फेरी सुरू झाली.

"गुरुजींचे आठ," मॅडम म्हणाल्या.

माळ फिरत राहिली. मी ठोके मोजत होतो. तीस, एकतीस, बत्तीस. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, आणि सवयीनं नजर माझ्यापलीकडच्या मुलाकडं नेली.

मी सुरुवात केली. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून गुरुजींच्या जुन्या आठ बारांतला पहिला बार वाजवला. तो मला पाठ होता, माझ्या कानाशी तो इतके महिने वाजला होता. दुसराही त्यांचाच. तिसऱ्यात माझं बोट गिटारीच्या दांडीवर एक पट्टी पुढं पडलं. भलताच सूर. मी तो ऐकला, सगळ्यांनी ऐकला. माझ्या जिभेवर त्यांचा तो एक शब्द आला होता. मी तो सूर पुन्हा वाजवला. मग त्याच्या शेजारचा. त्यापुढचं काही मला पाठ नव्हतं.

संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माळ थांबली नव्हती, पलीकडच्या मुलाची पाळी सुरूही झाली होती आणि मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी पुन्हा कॉर्डवर आलो. डी मायनर, जी, सी. बऱ्याच वेळानं सहज खाली बघितलं.

माझा डावा पाय पाटावर होता, त्या घासलेल्या जागेवर. तो तिथं कधी गेला मला कळलं नाही. तो अजून ठोका देत होता.